गाडीचा अर्थ लागला!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. गाडीला चाकं चार, आणि चारही रबराची. रबरातून वीज वाहत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. गाडीचा धातूचा एकही भाग जमिनीला टेकलेला नसतो. तरीसुद्धा कोणत्याही गॅरेजात जाऊन दहा मिनिटं बसा. कुणीतरी ओरडेलच, "अरे, आधी अर्थ बघ! अर्थ गेलाय याचा!" इंग्रजीत अर्थ म्हणजे पृथ्वी, जमीन. मग जमिनीला न टेकणाऱ्या गाडीत ही जमीन आली कुठून?

मराठीच्या तासाला बाई 'अर्थ सांगा' म्हणतात तो अर्थ वेगळा. घरी महिनाअखेरीला आईबाबा ज्या अर्थाची काळजी करतात तो अर्थ म्हणजे पैसा. गॅरेजवाल्यांचा हा तिसरा अर्थ. तो नीट नसला की काय होतं, हे आमच्या घरानं एका रात्री अनुभवलं. ती हकीकत सांगतोच, पण आधी कोडं सोडवू या.

नाव आलं कुठून?

वीज ही मोठी घरओढीची असते बरं का! बॅटरीच्या एका टोकातून ती निघते, दिवा पेटवते, पंखा फिरवते, पण शेवटी तिला बॅटरीच्या दुसऱ्या टोकाशी परत यावंच लागतं. परतीचा रस्ता नसेल तर ती घरातून पाऊलच उचलत नाही. या जाण्या-येण्याच्या पूर्ण वाटेला आपण परिपथ म्हणतो.

म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन तारा हव्यात, एक जाणारी आणि एक येणारी. तारायंत्र नवे होते तेव्हाही लोकांना हेच वाटत होते. पण १८३८ साली जर्मनीतल्या कार्ल श्टाइनहाइल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की परतीसाठी वेगळी तार लागत नाही. दोन्ही ठाण्यांवर धातूचा पत्रा जमिनीत पुरला, तर खुद्द जमीनच परतीच्या तारेचे काम करते. केवढी बचत! शेकडो मैल तारेतली निम्मी तार वाचली. त्या परतीच्या वाटेला 'अर्थ' हे नाव पडले ते असे.

पुढे मोटारी आल्या. मोटारीची सगळी चौकट लोखंडाची, म्हणजे विजेसाठी केवढा रुंद रस्ता! मग प्रत्येक दिव्याला परतीची तार बॅटरीपर्यंत कशाला न्यायची? बॅटरीचे ऋण टोक जाड पट्टीने गाडीच्या अंगाला जोडले. दिव्याची परतीची तार जवळच्याच लोखंडाला बोल्टने कसली. झाले काम! जमीन नाही, पण काम जमिनीचे. म्हणून नावही तेच राहिले. लागला कोड्याचा अर्थ?

तुमच्या घरात तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली जाड, लांब पिन अर्थची. तिची तार मात्र खरोखरच जमिनीत जाते. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात धातूची पट्टी पुरून ती जोडतात. पण घरातला अर्थ हा पहारेकरी आहे. एरवी त्यातून वीज वाहत नाही. इस्त्रीच्या किंवा फ्रिजच्या अंगात चुकून वीज उतरली, तरच तो तिला जमिनीत नेऊन आपला जीव वाचवतो. गाडीतला अर्थ पहारेकरी नाही, रोजचा रस्ता आहे. दिवा लावला, की प्रत्येक क्षणी सगळी वीज त्या रस्त्यानेच परतते. हा फरक लक्षात ठेवा.

सायकलीतही हीच युक्ती असायची. पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली, की पोलीसदादा शिट्टी मारून थांबवत. तेव्हा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो चाकाला घासून दिवा लावायचे. त्यावर ६ व्होल्ट, ३ वॅट असे छापलेले असे. डायनॅमोपासून दिव्यापर्यंत तार मात्र एकच! परतीचं काम सायकलीच्या दांडीकडे. डायनॅमोच्या पट्टीला एक टोकदार स्क्रू असायचा. तो असा पिळायचा, की दांडीवरचा रंग फोडून आतल्या लोखंडाला भिडला पाहिजे. नवी रंगवलेली सायकल आणली आणि दिवा लागेना, तर सायकलवाले काका तो स्क्रू अर्धा फेरा पिळत, की दिवा लख्ख! रंग हा विजेचा रस्ता अडवतो, हे गुपित त्या एवढ्याशा स्क्रूत होतं. पुढच्या गोष्टीत ते कामाला येणार आहे.

उसाची ट्रॉली

१९९६ सालचा डिसेंबर. मी आठवीत होतो आणि बहीण पाचवीत. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. बाबांनी जुनी घेतलेली एक चारचाकी आमच्याकडे होती. दिवाळीच्या आधी बाबांनी तिचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले होते. गाडी अशी चमकत होती, की आमच्या वाड्यातल्या पोरांना तिच्यात भांग पाडता यायचा. पण रंगवून आल्यापासून तिचे पुढचे दिवे मंद झाले होते. शहरात रस्त्यावर दिवे असतात, त्यामुळे फारसे जाणवत नव्हते.

वाईला आमचे आजोबा राहत. त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्यात ठरले होते. त्यांना आणायला आम्ही रविवारी गेलो. निघता निघता उशीर झाला. खंबाटकी घाट उतरेपर्यंत संधिप्रकाश होता. शिरवळ मागे पडले आणि अंधार गडद झाला. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा रुंद नव्हता. जाणारी आणि येणारी वाहने एकाच दुपदरी रस्त्यावर. समोरून ट्रक आला, की डोळे दिपायचे. तो गेला, की पुढचे काहीच दिसायचे नाही. आमच्या गाडीचा उजेड म्हणजे घासलेटच्या चिमणीचा पिवळा उजेड!

उसाचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला उसाने गच्च भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, लाल काच नव्हती. समोरचा ट्रक गेला आणि आईच ओरडली, "अहो, थांबा!" बाबांनी करकचून ब्रेक दाबला. आजोबांचा चष्मा खाली पडला. धाकटी माझ्या अंगावर आली. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेली उसाची कांडी बोनेटवर लोंबत होती आणि पुढच्या काचेपासून हातभर लांब होती.

बाबा मिनिटभर काहीच बोलले नाहीत. नुसते स्टिअरिंग धरून बसले. मग आजोबा चष्मा चाचपडत म्हणाले, "अरे, मोतीबिंदू मला झालाय की तुझ्या गाडीला?" एरवी आम्ही खो-खो हसलो असतो. त्या रात्री कुणी हसले नाही. थोड्या वेळाने मागून एक एसटी आली. तिच्या लाल दिव्यांचा माग धरून आम्ही कात्रजचा जुना बोगदा ओलांडला. खाली पुण्याचे दिवे दिसले तेव्हा आईने हात जोडले.

आता जरा हिशेब करा पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या जवळजवळ चार गाड्यांची रांग! समोरची वस्तू एकच सेकंद उशिरा दिसली, तर एवढं अंतर हातचं जातं. आम्हाला उरलं होतं हातभर.

चाचांचा मीटर

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोन्ही बल्ब नवे घातले. उजेड तेवढाच! एका दुकानात सल्ला मिळाला, "बॅटरी बदला." दुसरा म्हणाला, "५५ वॅटचे बल्ब काढून टाका, १०० चे घाला. रात्रीचा दिवस होईल!" बॅटरी म्हणजे मोठा खर्च. बल्ब त्या मानाने स्वस्त. बाबा म्हणाले, "चला, नाना पेठेत जाऊन घेऊन येऊ." पुण्यात गाडीचा कोणताही सुटा भाग हवा असला, की पावलं नाना पेठेकडेच वळतात. धाकटी आणि मी अर्थातच मागच्या सीटवर!

तिथे एका बोळात गाड्यांच्या विजेची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. बाबांनी बल्बचे विचारले. चाचा म्हणाले, "मोठे बल्ब मागता? का, लहान बल्बांनी काय वाकडं केलं? दिवे लावा पाहू. इंजिन चालू ठेवा."

बोळ अरुंद, समोर भिंत. दोन पिवळे डाग भिंतीवर पडले. चाचांनी डावा-उजवा इंडिकेटर लावायला सांगितला. धाकटी गाडीपुढे उभी होती. ती एकदम म्हणाली, "चाचा, मोठा दिवापण डोळे मिचकावतोय!"

मी नीट पाहिले. खरेच की! इंडिकेटर पेटला, की पुढचा मोठा दिवा किंचित मंद व्हायचा. इंडिकेटर विझला, की पुन्हा पूर्वीसारखा. टिक-टॉक, टिक-टॉक. आम्ही दोन महिने ते दिवे बघत होतो, पण हे कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

चाचा हसले. "शाबास बेटी! रोग तूच सांगितलास. आता मी फक्त नाडी बघतो."

त्यांनी मीटर काढला. आधी दोन्ही टोके थेट बॅटरीवर टेकवली. आकडा आला १३.८ व्होल्ट. "बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक." मग दिव्यामागच्या जोडणीत दोन टोके घातली. आकडा ११.५! म्हणजे बॅटरीकडून निघालेल्या १३.८ पैकी दिव्यापर्यंत ११.५ च पोचत होते. उरलेले २.३ व्होल्ट वाटेत कुणी पळवले?

"आता चोर पकडू," चाचा म्हणाले. मीटरचे एक टोक त्यांनी दिव्याच्या काळ्या, म्हणजे परतीच्या तारेला लावले आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. "हा परतीचा रस्ता. रस्ता साफ असेल तर इथे जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे. फार तर ०.२." आम्ही तिघे मीटरवर वाकलो. आकडा होता २.३. सगळीच्या सगळी चोरी परतीच्या वाटेवर!

तरी चाचांनी लगेच पाना हातात घेतला नाही. एक जाड वायर घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरले आणि दुसरे त्या काळ्या तारेच्या टोकाला टेकवले. आणि भिंत उजळली! पिवळे डाग पांढरे झाले. भिंतीवरच्या जुन्या जाहिरातीची अक्षरे वाचता येऊ लागली. वायर काढली, की पुन्हा पिवळे. लावली, की पांढरे. धाकटीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी खिशातले बल्बाचे पैसे परत आत ठेवले.

काळी तार जाळीच्या मागे एका बोल्टला कसलेली होती. गाडी रंगवताना बोल्ट काढला होता, खालच्या पत्र्यावर रंगाचा सुंदर थर बसला होता, आणि त्या थरावरच तार पुन्हा कसली होती. धातूला धातू भिडतच नव्हता. बोल्टच्या आट्यांतून काय थोडी वाट मिळेल तेवढीच. त्यात ओलाव्याने आट्यांवर गंजही धरला होता. चाचा म्हणाले, "रंगवाल्याचं काम रंग चांगला करायचं, ते त्यानं केलं. तार कसताना खालचा रंग खरवडायचा राहिला, बस्स."

त्यांनी दिवे बंद केले, तार सोडवली, पॉलिश पेपरने पत्रा रुपयाएवढा चकचकीत होईपर्यंत घासला. तारेचे गोल टोक घासले. बोल्ट वायर ब्रशने साफ केला. दातेरी वॉशर घातला, घट्ट कसले आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला, म्हणजे पाणी शिरायला नको. पुन्हा मीटर लावला. आकडा ०.१! अर्ध्या तासाची मजुरी घेतली आणि चाचा पुढच्या गाडीकडे वळले.

गणपतीची गर्दी

आता तुम्ही विचाराल, दिव्यापर्यंत वीज तर येतच होती. अडचण होती दिव्याच्या पुढे, परतीच्या वाटेवर. मग दिवा का मंद व्हावा?

गणेशोत्सवातली रात्र डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मी रस्ता रुंद, माणसं भराभर येतायत. गणपती पाहून झाला, की घरी जायला मात्र एकच अरुंद बोळ ठेवलाय. काय होईल? बोळातून माणूस बाहेर पडल्याशिवाय मंडपातला पुढे सरकणार नाही, आणि मंडपातला सरकल्याशिवाय रस्त्यावरचा आत येणार नाही. बोळ मागे आहे, पण त्याने अडवलं सगळ्यांनाच! विजेचंही तसंच. परिपथात एके ठिकाणी वाट अरुंद झाली, की सगळीकडचीच विद्युतधारा कमी होते.

आणि इंडिकेटर? त्याची परतीची तारही त्याच बोल्टला होती. तो पेटला, की आधीच गर्दी असलेल्या बोळात आणखी माणसं शिरायची. मोठ्या दिव्याच्या वाट्याची जागा आणखी कमी. तो विझला, की थोडी मोकळीक. म्हणून दिवा डोळे मिचकावत होता. दोन दिवे असे एका तालात वागू लागले, की समजावं, दोघांचा परतीचा रस्ता एकच आहे आणि तो अडला आहे.

या 'अरुंदपणाला' विज्ञानात रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. गेऑर्ग ओहम हे जर्मनीतले शाळामास्तर होते. त्यांचे वडील कुलपे बनवणारे कारागीर. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचा संबंध ओहम यांनी १८२७ साली पुस्तकात मांडला. सुरुवातीला त्यांच्या देशात त्याचे फारसे स्वागत झाले नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले, तेव्हा जगाने दखल घेतली. आज तोच नियम तुमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत बसला आहे: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध.

आपल्या बोल्टला तो लावून पाहू या. दोन दिव्यांतून मिळून साधारण ८ अँपिअर धारा वाहत होती. बोल्टवर पडलेले विभवांतर २.३ व्होल्ट. भागाकार करा. रोध आला ०.२९ ओहम. एक ओहमच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! एवढ्याशा रोधाने एवढा घोळ. आणि २.३ गुणिले ८ म्हणजे सुमारे १८ वॅट एवढी शक्ती त्या बोल्टवर नुसती उष्णता होऊन वाया जात होती. लहान सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, यावरून कल्पना करा. दिवे बराच वेळ लावून ठेवल्यावर एखादा बोल्ट कोमट लागला, तर तोच चोर!

आता मोठ्या बल्बचा सल्ला आठवा. १०० वॅटचे बल्ब जास्त धारा मागतात. धारा वाढली, की त्याच बोल्टवर आणखी जास्त व्होल्ट गळणार, तारा तापणार, आणि रोग तिथेच राहणार. शिवाय असे दिवे समोरच्याचे डोळे दिपवतात. आपला अंधार घालवायला दुसऱ्याला आंधळं करायचं, हे काही बरं नाही. कायदाही त्याला परवानगी देत नाही.

आणखी एक गंमत. १३.८ मधले २.३ व्होल्ट गेले, म्हणजे बरोबर सहावा हिस्सा. मग उजेडही सहाव्या हिश्शानेच घटायला हवा ना? नाही! तो जवळजवळ निम्मा झाला होता. लोहाराच्या भट्टीजवळ उभे राहून पाहा. लोखंड थोडे तापले, की लाल दिसते. आणखी तापले, की पिवळे, आणि खूप तापले, की पांढरे. बल्बातली बारीक तारही तशीच. व्होल्ट थोडे घटले, की तिचे तापमान उतरते आणि उजेड मात्र धाडकन खाली येतो, तोही पिवळा पडून. म्हणूनच पिवळा पडलेला दिवा हा पोटभर वीज न मिळालेला दिवा असतो.

कंपासपेटीची गाडी

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. स्वतः करून पाहा. लागेल काय? दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा तारेचा छोटा बल्ब, वायरीचे तीन तुकडे, पॉलिश पेपर आणि पत्र्याची जुनी, रंगवलेली कंपासपेटी. जुनीच घ्या हं, नाहीतर आई माझ्या नावानं ओरडेल!

दोन्ही सेल एकापुढे एक ठेवून चिकटपट्टीने बांधा. धन टोकापासून एक वायर बल्बाला आणा. बल्बाच्या दुसऱ्या जोडणीची वायर पेटीच्या झाकणावर एका ठिकाणी टेकवा. सेलच्या ऋण टोकाची वायर झाकणावर दुसऱ्या ठिकाणी टेकवा. पेटी म्हणजे तुमच्या गाडीचं अंग. बल्ब लागला? नाही लागणार. रंग आडवा आलाय.

आता त्याच दोन जागा पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा आणि वायरी पुन्हा टेकवा. लागला ना दिवा? मग वायर आणि पेटी यांच्यामध्ये एक गंजका खिळा धरून पाहा. कधी विझेल, कधी मंद होईल, दाबला तर लुकलुकेल. तोच खिळा घासून चकचकीत करा आणि फरक पाहा.

हा प्रयोग फक्त सेलवरच करायचा. घरातल्या विजेला आणि गाडीच्या बॅटरीला मुलांनी हात लावायचा नाही.

हे आईबाबांना वाचून दाखवा

पावसाळ्याआधी एकदा संध्याकाळी गाडी भिंतीसमोर पाच-सहा पावलांवर उभी करा. दिवे लावा. दोन्ही डाग सारखेच उजळ आहेत का? इंडिकेटर लावल्यावर मोठा दिवा डोळे मिचकावतो का? ब्रेक दाबल्यावर मागचे भलतेच दिवे मंद पेटतात का? यातले काही दिसले, तर नवा बल्ब किंवा नवी बॅटरी घेण्याआधी मिस्त्रींना एकच प्रश्न विचारा, "अर्थ तपासला का?"

स्वतः काम करणार असाल, तर हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जवळ काडी पेटवू नका. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढा आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडा. का बरं? मुलांनो, तुम्हीच सांगा! गाडीचं सगळं अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं. ऋण टोक जोडलेलं असताना धन टोकाला लावलेला पाना चुकून अंगाला टेकला, की ठिणग्यांचा भुईनळा उडालाच म्हणून समजा.

आता बहुतेक नव्या गाड्यांत एलईडी दिवे आले आहेत, रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या गाड्याही धावतात. त्यांच्या मोठ्या, शेकडो व्होल्टच्या बॅटरीची वीज गाडीच्या अंगाला लागू देत नाहीत, तिच्या नारिंगी तारांना कुणीच हात लावायचा नसतो. पण दिवे, भोंगा, वायपर यांच्यासाठी त्याही गाड्यांत १२ व्होल्टची व्यवस्था असते, आणि तिथे परतीचा रस्ता अजूनही गाडीचं अंगच आहे. बोल्ट तोच, गंजही तोच!

पुण्यात कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. दिव्याचा उजेड किती आणि नेमका कुठे पडतो, हे तिथे मोजलं जातं. पण तिथे पहिल्या नंबराने पास झालेला दिवाही तुमच्या गाडीत आला, की एका बोल्टच्या हातात असतो.

दिवा मंद झाला की सगळे दिव्याकडे बघतात, कारण तो समोर असतो, चमकतो. परतीची काळी तार जाळीच्या मागे असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. आधी वाट तपासायची, मग सामान बदलायचं, हा चाचांचा धडा मला पुढे गणितातही उपयोगी पडला. उत्तर चुकलं, की शेवटच्या ओळीत खाडाखोड करण्याऐवजी मी पायऱ्या मागून तपासत येतो.

तर मग आज संध्याकाळी काय करायचं? बाबांना, आईला, काकांना गाडी भिंतीसमोर उभी करायला सांगा. तुम्ही पुढे, थोडं बाजूला उभं राहा आणि धाकटीसारखे डोळे उघडे ठेवा. कुठला दिवा डोळे मिचकावतो का, बघा. मिचकावला, तर त्याचा अर्थ आता तुम्हाला कळतोच!